टेंभुर्णीची ब्याण्णव टक्के गुळवेल

औरंगाबाद,
१२ जुलै १९९८

ती. मामा,

मुलींच्या वसतिगृहातल्या बारा नंबरच्या खोलीतून तुमच्या बेबीनंदाचा वाकून नमस्कार. आधी आनंदाची बातमी: एम.एस्सी.नंतर पुढच्या संशोधनासाठी माझं नाव नोंदलं गेलं! आष्टीला आई-बाबांना कळवलं तर आई म्हणाली, "अजून किती शिकणार?" तुम्ही तरी असं म्हणू नका.

सरांनी मला विषय दिलाय गुळवेल. सोप्या भाषेत सांगते. लोखंडाला गंज चढतो ना, तसा आपल्या शरीरातल्या पेशींनाही आतून चढत असतो. तो थोपवणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. गुळवेलीच्या अर्कात तो गुण किती आहे, हे मला मोजायचंय. त्यासाठी एक गडद जांभळं रसायन असतं. त्यात अर्क टाकायचा. अर्कात दम असला तर जांभळा रंग उडून पिवळा होतो. जेवढा रंग उडेल तेवढे टक्के गुण.

बाजारातल्या चूर्णात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे, म्हणून मला खात्रीची गुळवेल हवी. तुमच्या बांधावरच्या कडुलिंबावर ती चढलेली मला आठवते. वाळवून, कुटून एक डबाभर पाठवाल का? मामीला नमस्कार.

तुमची,
बेबीनंदा

*

टेंभुर्णी,
३ ऑगस्ट १९९८

चि. बेबी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा पारावर सर्वांना वाचून दाखवलं. बत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला विज्ञान शिकवलं, पण विज्ञानानं माझ्या घरचा पत्ता विचारत येण्याची ही पहिलीच वेळ.

औरंगाबादच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ डबा दिला आहे. निश्चिंत राहा. हे काम मी दुसऱ्या कोणावर सोडलेलं नाही. वेल मी स्वतः निवडली, स्वतः कापली, स्वतः वाळवली. संशोधनाच्या कामात हात शिकलेला हवा.

तुझी मामी मजेत आहे. ती आपली शेळ्यांत असते, तिला यातलं काही समजत नाही.

आशीर्वाद आहेतच.
राधाकिसनमामा

*

औरंगाबाद,
२५ ऑगस्ट १९९८

मामा! मामा! मामा!

ब्याण्णव टक्के!

मी अर्क टाकला आणि जांभळा रंग असा पळाला की मी नळी उजेडाला धरून नुसती बघत बसले. सर म्हणाले, चुकलं असेल, पुन्हा कर. पुन्हा केलं. पुन्हा ब्याण्णव. सर म्हणाले, गुळवेलीत एवढं येत नाही, नळ्या नीट धुतल्या नसतील. मी नव्या नळ्या काढल्या. ब्याण्णव! मग सरांनी स्वतः केलं आणि पिवळी नळी हातात धरून ते शिपायाला "चहा आण" म्हणाले. आमच्या विभागात सर विद्यार्थ्यांना चहा पाजतात हे कोणाला खरं वाटेना.

आता दोन गोष्टी पाहिजेत. एक, दुसरा डबा. दोन, तुम्ही वेल नेमकी कशी कापली, कशी वाळवली, त्याची कृती. एकही गोष्ट सोडू नका, कारण शोधनिबंधात ती जशीच्या तशी लिहावी लागते. म्हणजे जगात कोणीही तसंच करून पाहिलं तर त्याला तेच उत्तर यायला हवं.

तुमच्या हाताला काय गुण आहे हो!

उड्या मारणारी,
बेबीनंदा

*

टेंभुर्णी,
१९ सप्टेंबर १९९८

चि. बेबी,

ब्याण्णव! मला स्वतःला मॅट्रिकला एकूण बेचाळीस होते.

दुसरा डबा पाठवला आहे. माझी कृती पुढीलप्रमाणे. सकाळी दव सुकल्यावर, सूर्य हातभर वर आला असता कापणी करावी. कात्री उकळत्या पाण्यातून काढलेली असावी. वेल अंगठ्याएवढी जाड व उत्तरेकडच्या फांदीवरील असावी. स्वच्छ पाण्यानं तीनदा धुवावी. बोटाएवढे तुकडे करून पांढऱ्या धुतलेल्या धोतरावर सावलीत आठ दिवस वाळवावेत, रोज दुपारी बाजू पालटावी. खलबत्ता आधी धुऊन, पुसून, उन्हात ठेवलेला असावा. कुटताना बोलू नये.

शेवटच्या सूचनेचं कारण विचारू नकोस. ती अनुभवाची गोष्ट आहे.

मामा

*

औरंगाबाद,
२२ नोव्हेंबर १९९८

ती. मामा,

बसलात का? बसून वाचा.

दुसऱ्या डब्याला एक्याण्णव आले. त्यानंतर आम्ही खरी परीक्षा घेतली. खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणून त्यातल्या तांबड्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्यांच्यावर पेशी फोडणारं औषध टाकलं. साध्या नळीत पेशी पटापट फुटल्या, सगळं पाणी लालभडक. तुमच्या गुळवेलीचा अर्क घातलेल्या नळीत मात्र पेशी आरामात तळाशी बसून राहिल्या आणि वरचं पाणी स्वच्छ! माझी मैत्रीण गिरिजा म्हणाली, पेशींना कोणीतरी पांघरूण घातल्यासारखं दिसतंय.

सरांनी शोधनिबंध हैदराबादच्या परिषदेला पाठवला. तो स्वीकारला गेला! फेब्रुवारीत जायचंय. तुमची कृती शब्दशः त्यात आहे, फक्त "कुटताना बोलू नये" सरांनी काढलं. तिथली एक प्रयोगशाळा ताज्या नमुन्यावर स्वतः तपासणी करणार आहे. म्हणून तिसरा डबा पाहिजे. आधी मी इथे तपासीन, मग त्यांना देईन.

मामा, मी हैदराबादला जाणार! मी अजून जालन्याच्या पुढे रेल्वेनं गेलेली नाही!

बेबीनंदा

*

टेंभुर्णी,
२० डिसेंबर १९९८

चि. बेबी,

गावात काय चाललंय ते ऐक. शाळेच्या हेडमास्तरांनी मला सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर चार शब्द बोलायला सांगितलं आहे, विषय "माझे संशोधन". कचरूनं मोटारसायकलच्या हँडलला गुळवेल बांधली आहे, अपघात होत नाही म्हणतो. सगुणाबाईनं म्हशीला चारली, तर म्हैस दोन दिवस तिला अंगाला हात लावू देईना, गुळवेलीच्या कडूपणाचा सगळा राग तिनं बाईवर काढला. मी कोणालाही अडवत नाही. विज्ञान सर्वांचं आहे.

तिसरा डबा सोबत आहे. यावेळी तर मी स्वतःच्या कृतीतलं एक अक्षरही सोडलं नाही. कात्री उकळली, धोतर नवं काढलं, कुटताना चकार शब्द काढला नाही. तसंही बोलायला घरात कोणी नाही. तुझी मामी भावाच्या मुलीच्या लग्नाला केदारखेड्याला गेली आहे, पंधरा दिवस झाले. भाकरी मीच करतो, त्यातली निम्मी करपते.

हाताला थोडं खरचटलं आहे. संशोधनात एवढं चालायचंच.

मामा

*

औरंगाबाद,
८ जानेवारी १९९९

ती. मामा,

तिसऱ्या डब्याला एकतीस टक्के आले.

मी पाच वेळा करून पाहिलं. नवं रसायन आणलं, नळ्या उकळल्या, दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर मोजलं. एकतीस म्हणजे एकतीस. पेशी निम्म्याहून जास्त फुटल्या. पहिल्या दोन डब्यांतलं चूर्ण आम्ही सगळं वापरून टाकलंय, फक्त दुसऱ्या डब्याच्या तळाला चमचाभर उरलंय. त्याला अजूनही एक्याण्णवच येतात.

काल सरांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बेबीनंदा, पहिल्या डब्यांत तू काही मिसळलं होतंस का? खरं सांग." मामा, मला रडूही आलं नाही, एवढी मी गार पडले. हे कोडं सुटलं नाही तर निबंध परत घ्यावा लागेल, आणि आकडे रचणारी मुलगी म्हणून माझी नोंदणी रद्द होईल.

काही बदललं का हो? काहीही? माणूस, झाड, कात्री, पाणी? मला खरं खरं कळवा. माझं सगळं यावर आहे.

बेबीनंदा

*

टेंभुर्णी,
१३ जानेवारी १९९९

चि. बेबी,

काडीचाही फरक नाही. तोच मी, तेच झाड, तीच कृती. तुमचं यंत्र तपासून घ्या.

मामा

*

टेंभुर्णी,
१७ जानेवारी १९९९

बेबीनंदा बाईला झुंबरमामीचा लई लई आशीर्वाद.

माज्या ओळी वाकड्या हायेत, त्याला इलाज न्हाई. साक्षरतेच्या वर्गात जेवढं शिकले तेवढ्यावर लिहून राह्यले. आजवर फकस्त सही केल्ती, पत्र हे पयलंच.

तुजे मामा चार दिसापासून धड जेवून न्हाई राह्यले. मी भाषणाचं विचारलं तं म्हणले, डोकं दुखतं. काल त्यांचा सदरा धुवायला घेतला, खिशात तुजं पत्र निघालं. एक एक अक्षर लावत वाचलं. अर्धा दिवस गेला, पण समदं वाचलं. मंग मला बराबर समजलं.

माय, गुळवेल मी कापते. त्यांनी कधीच कापली न्हाई. वेल ओढायची आकडी घेऊन लिंबावर मी चढते, तुजे मामा खाली उभं राहून कोणती फांदी ते सांगतात. त्यांना मुंगळ्यांचा लई धाक. आमच्या लग्नानंतर एकडाव चढले व्हते, तं उतरवायला चार माणसं लागल्ती. वाळवते मी, कुटते बी मीच. ते पारावर समद्यांना सांगतात तसं धोतर-बितर काही न्हाई, आपल्या सुपात वाळवते. कुटताना बोलू नये म्हणले ना, ते मी त्यांना म्हणत असते. ते लई बोलतात.

तिसऱ्या डब्याला मी केदारखेड्याला गेल्ते. तवा त्यांनी बैलगाडीवर उभं राहून सोता कापली. आता तू म्हणशीन त्यानं काय व्हतं. व्हतं बाई. मी आल्यावर झाडापाशी गेले तं वेलीचं टोक उघडंच! हळद लावलेलीच न्हाई! आमच्या बापाच्या घरी मेंढरं व्हती. लोकर कातरताना मेंढीला जरा कुठं लागलं का लगेच हळद दाबायची, हे मी परकर घालत व्हते तवापासूनचं. वेलीला बी कापल्यावर लागतंच ना? ती जित्ती हाये. मंग झाडावरच्या टोकाला हळद दाबते. तुकडे केले का एकेका तुकड्याच्या दोनी टोकाला बी दाबते. एका डब्याला वाटीभर जाते, घरचीच हाये. तुजे मामा म्हणतात, हळदीची नासाडी करू नको. मी ऐकत न्हाई.

त्यांनी काहीच लावलं न्हाई, तशीच उघडी वाळवली. मंग तिच्यात गुण कुठून राहीन? तुज्या सरांना सांग, पोरीची चूक न्हाई, मामाची हाये. पर त्यांना रागवू नको. तुजं नाव गावात सांगताना त्यांची छाती अशी फुगते का बटण लागत न्हाई.

झुंबरमामी

*

औरंगाबाद,
२० जानेवारी १९९९

लाडक्या मामीस आणि (बघते, विशेषण शोधते) मामांस,

हे पत्र कंडक्टरच्या हाती पाठवतेय, टपालाला वेळ नाही.

मामी, तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्यानं वाचलं. "हळद" शब्दाशी आले आणि खाली बसले. मग हसायला लागले. गिरिजा पाणी घेऊन धावत आली, तिला वाटलं मला फेफरं आलं. मी तिला तुझं पत्र दिलं, तर तीही खाली बसली.

अगं मामी, ते ब्याण्णव टक्के गुळवेलीचे नव्हतेच! ते हळदीचे होते! हळद स्वतः पेशींचा गंज थोपवणाऱ्यांत मोठी दांडगी. आणि गुळवेलीचा अर्क मुळातच पिवळसर असतो, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. मी लगेच मेसच्या स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणली. लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर एक थेंब हळदीचा, एक तुझ्या दुसऱ्या डब्याचा, एक मामांच्या तिसऱ्या डब्याचा असे शेजारी शेजारी दिले आणि पट्टी उभी करून द्रव चढू दिला. त्याच्याबरोबर प्रत्येक पदार्थ चढतो आणि आपापल्या ठरलेल्या उंचीवर थांबतो. हळदीचा पिवळा ठिपका जिथे जाऊन थांबला, तिथेच तुझ्या डब्याचा थांबला. मामांच्या थेंबात त्या जागी काहीच नाही.

म्हणजे मामा, तुमची कृती खोटी, पण एकदाच का होईना तुम्ही ती खरोखर केलीत, आणि आजवरचा एकमेव शुद्ध नमुना तुमचा आहे! त्याला मी बारा दिवस नावं ठेवली.

आता रागाचं. तुम्ही "काडीचाही फरक नाही" लिहिलंत, तेव्हा इथे माझं सगळं बुडत होतं, मामा. मी फार चिडले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चिडलेली होते, मग तुम्ही बैलगाडीवर कात्री घेऊन उभे आहात असं डोळ्यांसमोर आलं आणि संपलं.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी काचेची पट्टी बराच वेळ पाहिली. म्हणाले, "हे खरं असेल तर तू सुटलीस. पण कृती मामांनी लेखी दिली होती, ती खोटी आहे हेही त्यांनीच लेखी द्यायला हवं. सोमवारपर्यंत. नाहीतर मला निबंधासोबत तुझंही नाव काढावं लागेल." दुसरं म्हणजे, मामीनं कापलेला, हळद न लावलेला नमुना पाहिजे.

मामा, मला ठाऊक आहे, मंगळवारी सव्वीस जानेवारी आहे. सगळ्या गावासमोर तुम्हाला बोलायचंय. तुम्ही काय लिहावं याची मी सक्ती करत नाही. पण सोमवारपर्यंत मला ते पाहिजे.

बेबीनंदा

*

टेंभुर्णी,
२३ जानेवारी १९९९

माननीय सर,

मी, राधाकिसन, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीत खालीलप्रमाणे लिहून देतो.

पहिल्या व दुसऱ्या डब्यातील गुळवेल मी कापली नाही. मी लिंबाच्या झाडावर आयुष्यात एकदाच चढलो व तो प्रसंग मला पुन्हा आठवायचा नाही. वेल माझी पत्नी झुंबरबाई हिनं कापली, वाळवली व कुटली. तिनं त्यास वाटीभर हळद लावली. मी ते पाहिलं होतं, पण नासाडी यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. बत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की निरीक्षण करा. स्वतः केलं नाही.

निबंधात छापायला दिलेली कृती मी पाटावर बसून, चहा पीत, कल्पनेनं रचली. उत्तरेकडची फांदी मला शोभून दिसली म्हणून लिहिली. तिसऱ्या डब्याची कापणी मात्र मी खरोखर केली, पुरावा म्हणून उजव्या कोपरावर खरचटल्याची खूण अजून आहे. माझ्या भाचीनं मला बदल विचारला असता मी लेखी खोटं उत्तर दिलं. तिनं काहीही मिसळलेलं नाही. दोष पूर्ण माझा आहे.

बिनहळदीच्या नमुन्याबाबत. झुंबरबाई म्हणते, तुकडे उघडे देईन, पण झाडावर राहिलेल्या टोकाला हळद लावणारच. यावर कालपासून घरात चर्चा चालू आहे. यात ती माघार घेणार नाही, हेही मी लिहून देतो. कुटताना मी घराबाहेर राहीन. धुतलेला खलबत्ता तिनं मला हुंगायला लावला, त्याला हळदीचा वास नाही.

मंगळवारी झेंड्यासमोर मी हाच कागद वाचणार आहे. हेडमास्तरांनी विषय दिलाच आहे.

सही: राधाकिसन
कापणार, वाळवणार व कुटणार हिची सही: झुंबरबाई

*

औरंगाबाद,
१८ फेब्रुवारी १९९९

ती. मामा आणि मामी,

आधी सांगून टाकते: माझी नोंदणी कायम आहे! कायम! कायम! वसतिगृहाच्या जिन्यात मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की वॉर्डनबाई चप्पल न घालता बाहेर आल्या.

मामा, सरांनी तुमचा कागद विभागात सगळ्यांसमोर वाचला. "उत्तरेकडची फांदी मला शोभून दिसली" इथे त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला आणि पुढचं वाक्य गिरिजाला वाचावं लागलं. मग ते गंभीर झाले. म्हणाले, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका प्रामाणिक कागद कोणी दिला नाही, आम्हा प्राध्यापकांनी तर नाहीच. हैदराबादचा निबंध आम्ही मागे घेतला. तिकडे जाणं रद्द झालं. एक दिवस मला फार वाईट वाटलं, खोटं का सांगू. रेल्वेत खायची यादीसुद्धा केली होती.

कचरूचा पुतण्या इथे कॉलेजात आहे, त्यानं सव्वीस जानेवारीची हकीकत सांगितली. तुम्ही कागद वाचलात तेव्हा आधी कोणीच हसेना, आणि मग बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या. मामी खाली मान घालून शेळीच्या दोरीशी खेळत होती म्हणे. झेंडावंदनाला शेळी कशाला नेलीस गं?

मामी, तुझा डबा आला. मी काहीही लपवून न ठेवता, सरांना शेजारी उभं करून तपासला. एकतीस. पुन्हा केला. तीस. पुन्हा केला. एकतीस. मग सरांनी गुळवेल दुसऱ्या गावाहून मागवली. कोणी कापली ते विचारलं, काय लावलं ते विचारलं, धोतर नवं होतं का तेही विचारलं. एकतीस!

सर म्हणाले, "ब्याण्णववरून एकतीसवर आलीस, वाईट नाही वाटत?" मी म्हणाले, "नाही सर." आणि खरंच नाही वाटत, मामा! त्या ब्याण्णवच्या आनंदात मला रोज धाकधूक असायची की उद्या पुन्हा येईल का. आता नाही. गुळवेल थोडाच गंज थोपवते, पण थोपवते. जगात कुठेही, कोणीही, कोणत्याही फांदीवरची कापून बघावी, एवढंच येणार. माझ्या आकड्याला आता कोणी खोटं म्हणू शकत नाही, आणि मलाही नाही.

तुमची,
एकतीस टक्के बेबीनंदा